आपोआप जुळणारे धागे



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो महागाई भत्त्यावर बोलणार, असा श्रोत्यांचा समज असतो. आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. आज मात्र आम्ही रसायनशास्त्रातला एक विषय घेऊन आलो आहोत. आमचे शालेय शिक्षण दहावीला संपले. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आमच्या बोलण्यात शास्त्रज्ञाची सफाई नसेल. परंतु हा विषय धाग्याचा आहे, आणि धाग्याच्या गावात तीस वर्षे काढलेल्या माणसाला त्यावर चार शब्द बोलण्याचा हक्क पोचतो, अशी आमची समजूत आहे.

निमित्त असे घडले. गेल्या हिवाळ्यात रात्रपाळी सुटल्यावर फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीपाशी एका जॉबरने आम्हांला गाठले. हातातल्या मोबाइलवर त्याने कुठलीशी बातमी उघडून ठेवली होती. तो म्हणाला, ‘‘भाऊ, हे वाचा. परदेशात म्हणे बाटलीतल्या पाण्यात धागे आपोआप तयार होतात. ना चाती, ना माग, ना माणूस. मग आम्ही काय करायचं?’’ आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटले, ‘‘अरे, तसं काही नसतं.’’ तो चहा पिऊन निघून गेला. घरी येताना आम्हांला आमच्या उत्तराची लाज वाटली. विषय ठाऊक नसताना आम्ही उत्तर दिले होते. मालकाच्या कारकुनाने असे उत्तर दिले असते, तर आम्ही त्याला धारेवर धरले असते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. सारा भर एका शब्दावर आहे: ‘आपोआप’.

प्रथम आपल्या ओळखीच्या वस्तूपासून निघू. कापसाचा तंतू साधारण इंचभर लांब. अशा इंचभर तंतूंपासून मैलोगणती सूत निघते. ह्या सुतात डिंक नसतो. खळ लागते ती पुढे, ताणा मागावर चढविण्यापूर्वी. मग हे तुकडे एकत्र राहतात कसे? पिळाने. पीळ बसला की तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणामुळे घसरत नाहीत. पीळ उलटा फिरवा, सुताचा पुन्हा कापूस होतो. आखूड वस्तूंपासून लांब वस्तू करण्याची ही एक तऱ्हा झाली: धरून ठेवायचे, पण चिकटवायचे नाही.

दुसरी तऱ्हा नायलॉनची. 1935 साली अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स ह्यांच्या प्रयोगशाळेत ते प्रथम तयार झाले. तेथे लहान रेणूंची टोके रासायनिक बंधाने एकमेकांना कायमची जोडली जातात. ह्या पक्क्या बंधाला सहसंयुज बंध म्हणतात. तो मजबूत खरा, पण त्यात एक खोट आहे. चुकीच्या जागी तो एकदा बसला की सहसा सुटत नाही. वाकडा बसलेला खिळा लाकूड फाडल्यावाचून निघत नाही, तसेच हे.

आणि एक तिसरी तऱ्हा आहे. बैलाच्या साखळीकडे पाहा. एका कडीचे लोखंड दुसऱ्या कडीला कुठेही जोडलेले नाही. प्रत्येक कडी मोकळी हलते, फिरते. तरीही कडी तोडल्यावाचून दोन्ही वेगळ्या होत नाहीत. रसायनशास्त्रज्ञांच्या मनात प्रश्न आला, की असे रेणू करता येतील काय? एका रेणूची कडी दुसऱ्या रेणूच्या कडीत अडकलेली, मध्ये रासायनिक बंध नाही, नुसती गुंतवण. अशा जोडीला त्यांनी साखळीच्या लॅटिन शब्दावरून ‘कॅटेनेन’ हे नाव दिले. आणि दांडीवर ओवलेली कडी, दांडीच्या दोन्ही टोकांना कडी निसटू नये म्हणून जाड बोंडे, अशा रेणूला चाक आणि आस ह्यांच्या लॅटिन शब्दांवरून ‘रोटॅक्सेन’ म्हटले. आपल्या मणिमोजणीच्या पाटीवरचा मणी आठवा, म्हणजे रोटॅक्सेन डोळ्यांपुढे येईल.

हे रेणू किती लहान? मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. ह्या कड्या एक-दोन नॅनोमीटरच्या घरातल्या. चिमट्याने त्या ओवता येत नाहीत. मग ओवायच्या कशा?

पहिला मार्ग नशिबाचा. 1960 साली अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत एडेल वासरमन ह्यांनी पहिले कॅटेनेन केले. कड्या असलेल्या द्रावणात लांब साखळीरेणू सोडायचे आणि त्यांची टोके जुळवायची. एखादी साखळी टोके जुळण्याच्या क्षणी योगायोगाने कडीत घुसलेली असेल, तर गुंतवण होईल. असे शेकड्यात एकदाही होत नव्हते. 1967 साली हॅरिसन पितापुत्रांच्या नव्हे, तर हॅरिसन ह्याच आडनावाच्या दोघा संशोधकांनी पहिले रोटॅक्सेन केले, तेव्हा तीच क्रिया सत्तर वेळा पुन्हा पुन्हा करावी लागली आणि पदरात पडले शेकडा सहा. येथे ‘आपोआप’ होते ते एवढेच, आणि ते फार थोडे होते.

आमच्या उमेदवारीच्या काळात आम्हीही ह्याच मार्गाने गेलो होतो. मजुरी कापली गेली, तेव्हा आम्हांला वाटले की आता कामगार आपोआप सभेला येतील. राग तर सर्वांनाच आहे. सभेला अकरा माणसे आली. राग सर्वांना होता, पण सभेची वेळ दुसऱ्या पाळीत येत होती आणि जागा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. योगायोगाने ज्यांची टोके जुळली, ते अकरा.

रसायनशास्त्रातली ही अडचण फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात सुटली. तेथे झाँ-पियेर सोव्हाज आणि त्यांचे सहकारी सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेने रासायनिक क्रिया घडवू शकतील अशा धातुयुक्त रेणूंवर काम करीत होते. अशाच एका रेणूची प्रतिकृती पाहताना सोव्हाज ह्यांच्या ध्यानात आले की ह्यात मधोमध तांब्याचा आयन, म्हणजे विद्युत्भारित अणू, आहे आणि त्याने दोन रेणूंना एकमेकांत आडवेउभे धरून ठेवले आहे. मग त्यांनी असे केले. एक पुरी कडी घेतली आणि एक चंद्रकोरीसारखा अर्धा तुकडा घेतला. तांब्याच्या आयनाला दोन्हींची ओढ, म्हणून त्याने चंद्रकोर नेमकी कडीच्या आत आणून बसविली. मग तिसरा तुकडा जोडून चंद्रकोरीची कडी पुरी केली. शेवटी तांबे काढून घेतले. राहिल्या दोन कड्या, एकमेकींत अडकलेल्या. हे 1983 साल, आणि उत्पन्न शेकडा 42. शेकड्यात एकही नाही, तेथून शेकड्यात बेचाळीस!

तांबे साखळीत राहत नाही, ही गोष्ट आम्हांला फार आवडली. त्याचे काम दोघांना योग्य रीतीने समोरासमोर आणण्याचे. ते झाले की त्याला निघून जाता येते. संघटनेच्या कामात पडलेल्यांना ह्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. निघून जाणे आम्हां पुढाऱ्यांना तांब्याइतके साधत नाही, हा भाग निराळा.

येथे आणखी एक नाव सांगितले पाहिजे. 1983 च्या त्या लेखावर पहिले नाव सोव्हाज ह्यांचे नाही. ते क्रिस्तियान दीत्रिश-बुशेकर ह्या बाईंचे आहे. ह्या कामाबद्दल 2016 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सोव्हाज, फ्रेझर स्टॉडार्ट आणि बेन फेरिंगा ह्या तिघांना मिळाले. तिघेही त्याला पात्र होते, ह्यात शंका नाही. पण ‘कड्या आपोआप जुळल्या’ असे जेव्हा आपण वाचतो, तेव्हा ते ‘आपोआप’ ज्यांच्या हातांनी प्रयोगशाळेत घडले, त्यांचे नाव बहुधा बातमीत नसते. ही सवय केवळ कारखान्यांतच आहे असे आम्ही समजत होतो.

आता कडीची हकीकत. 1962 साली अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत चार्ल्स पेडरसन हे रसायनशास्त्रज्ञ वेगळाच पदार्थ करू पाहत होते. भांड्यात हवे ते निघाले, आणि त्याबरोबर शेकडा अर्धासुद्धा नाही इतका एक रेशमासारखा तंतुमय पांढरा स्फटिक निघाला. दुसऱ्या कोणी ती घाण म्हणून टाकून दिली असती. पेडरसन ह्यांनी ती राखून तपासली. तो कडीच्या आकाराचा रेणू होता, आणि कडीच्या पोकळीत धातूचा आयन मुकुट घातल्यासारखा बसत होता. म्हणून त्यांनी त्याला क्राउन ईथर म्हटले. 1967 साली त्यांनी हे जाहीर केले आणि 1987 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेडरसन ह्यांनी डॉक्टरेट घेतलेली नव्हती. नोकरीतली सारी वर्षे एकाच कंपनीत काढलेला तो माणूस होता. ह्याच जातीची जरा मोठी कडी पुढे दांडीवर ओवण्यास फार उपयोगी पडली. दांडीवर धनभार असलेला नायट्रोजनचा गट ठेवला, की कडीतले ऑक्सिजनचे अणू त्याला ओढून घेतात आणि कडी त्या जागी येऊन बसते.

कडी दांडीवर बसली, पण ती हलते काय? 1991 साली स्टॉडार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये एका दांडीवर दोन सारखे थांबे ठेवले. कडी उष्णतेच्या धक्क्यांनी ह्या थांब्यावरून त्या थांब्यावर सेकंदाला सुमारे पाचशे वेळा ये-जा करू लागली. त्यांनी तिला मागावरच्या वस्तूचेच नाव दिले. आपण तिला ‘रेणूचा धोटा’ म्हणू. पण हा धोटा कापड विणीत नव्हता. कोणी सांगितल्यावाचून तो इकडे जाई आणि तितकाच तिकडे येई. 1994 साली दोन थांबे निरनिराळ्या जातीचे ठेवण्यात आले. मग आम्लता किंवा विजेचा भार बदलला, की कडी कोठे राहील हे सांगता येऊ लागले. आता धोटा हुकमात आला.

येथवर आपण एकेका रेणूची गोष्ट केली. आता धाग्याकडे वळू. त्यासाठी दोन माणसांची कल्पना करा. दोघे समोरासमोर उभे आहेत. प्रत्येकाने डावा हात कमरेवर ठेवून कोपराची कडी केली आहे, आणि उजवा हात समोरच्याच्या त्या कडीतून आरपार घातला आहे. उजव्या मुठीत प्रत्येकाने तांब्या धरला आहे, त्यामुळे हात मागे ओढून निघत नाही. आता हे दोघे जवळ येऊ शकतात, दूर सरू शकतात, पण सुटू शकत नाहीत. ज्या रेणूला स्वतःची कडीही आहे आणि स्वतःची दांडीही आहे, असे दोन रेणू ह्याच रीतीने एकमेकांत गुंतविता येतात. अशी पहिली लांबणारी-आखडणारी जोडी 2000 साली सोव्हाज ह्यांच्याच गटाने केली. आपल्या स्नायूंत दोन प्रकारचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखडतो, त्याच्याशी हिचे साम्य आहे.

परंतु अशी एक जोडी आखडते ती सुमारे एक नॅनोमीटर. बरे, ग्लासभर द्रावणात अशा कोट्यवधी जोड्या आहेत, मग जोर मिळायला हवा की नाही? मिळत नाही. कारण प्रत्येकीचे तोंड निराळ्या दिशेला. एक पूर्वेला आखडते, दुसरी पश्चिमेला, तिसरी वर, चौथी खाली. बेरीज शून्य. सगळ्या हलतात आणि ग्लास जागचा हलत नाही.

2012 साली स्ट्रासबुर्गमध्येच निकोला ज्यूझपोन ह्यांच्या गटाने ह्या जोड्यांना रांगेत उभे केले. जोडीच्या दोन्ही टोकांच्या बोंडांची, म्हणजे आपल्या चित्रातल्या तांब्यांची, घडण त्यांनी अशी केली की धातूचा आयन भेटला की तो दोन शेजारच्या बोंडांना एकत्र धरील. द्रावणात धातूचे आयन घातले, आणि जोडीला जोडी लागत हजारो जोड्यांची साखळी तयार झाली. मग आम्लता बदलली. प्रत्येक जोडी एक नॅनोमीटर सरकली. पण आता सगळ्या एका रांगेत असल्यामुळे सरकीची बेरीज झाली. एका जोडीच्या हालचालीपेक्षा साखळीची हालचाल सुमारे दहा हजार पट, म्हणजे दहा मायक्रोमीटरच्या घरात गेली. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा आठवा-दहावा हिस्सा. ही लांबी पट्टीने मोजता येत नाही. द्रावणातून प्रकाश आणि न्यूट्रॉन कसे विखुरतात, त्यावरून ती काढली. केसाचा दहावा हिस्सा ऐकून आपणांस हसू येईल. पण रेणूच्या जगातून आपल्या जगाच्या उंबरठ्यापर्यंत झालेली ती वाटचाल आहे.

त्याच वर्षी त्याच गटाने तारही केली. प्रामाणिकपणे सांगायचे, तर ह्या तारेतले रेणू कडीत कडी असे गुंतलेले नाहीत. ते एकमेकांवर चळत रचल्यासारखे बसतात. पण जुळणीचे तत्त्व जवळचे आहे, म्हणून तिचीही हकीकत सांगतो. ट्रायअरिलअमाइन नावाच्या जातीचे रेणू द्रावणात मोकळे फिरत होते. प्रकाश पडला की त्यांतले काही एक इलेक्ट्रॉन गमावतात आणि त्यांच्याभोवती इतर रेणू चळत लावू लागतात. दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ ठेवून, त्यांच्यामध्ये विजेचा दाब देऊन, वरून प्रकाश टाकला, तेव्हा ह्या चळतींच्या तारा एका पट्टीपासून दुसऱ्या पट्टीपर्यंत पोचल्या आणि त्यांतून वीज वाहू लागली. आणि ती धातूतून वाहते तशी: थंड करावे तसा विरोध कमी होत गेला, निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या दीड अंशापर्यंत. तांब्याची बरोबरी मात्र ह्या तारेला आलेली नाही. त्या प्रयोगात नोंदलेली तिची वाहकता मीटरला पाच हजार सीमेन्सच्या वर होती. तांब्याची सुमारे सहा कोटी. पण रेणूंनी आपल्या आपण जुळून केलेल्या तारेला हे थोडे नव्हे.

शेवटचा एक प्रयोग सांगतो, कारण तो पिळाचा आहे. 2015 साली ह्याच गटाने फेरिंगा ह्यांनी शोधलेल्या जातीचे, प्रकाशाने एकाच दिशेने फिरणारे रेणू एका जेलीच्या धाग्यांमध्ये बसविले. प्रकाश टाकला, रेणू फिरू लागले, धाग्यांना पीळ बसत गेला आणि जेलीचा गोळा डोळ्यांदेखत आखडला, आकारमानात शेकडा 80 पर्यंत. चरख्यावर सूत काढताना हात सैल सोडला तर अतिपीळ बसून सूत वेटोळे घेते, तेच येथे झाले. आणि अडचणही तीच: पीळ सोडवायचा कसा? 2017 साली त्यांनी पीळ सोडणारा दुसरा रेणू त्यात बसविला. एका प्रकाशाने पीळ बसतो, दुसऱ्या प्रकाशाने सुटतो.

आता मूळ शब्दाकडे येऊ. ह्या सर्वांत ‘आपोआप’ काय आहे? चिमट्याने कोणी कडीत कडी ओवीत नाही, हे खरे. पण तीन गोष्टींवाचून हे आपोआप होत नाही. पहिली, तुकड्यांची घडण. कडी, दांडी, थांबे आणि बोंडे एकेक करून पक्क्या बंधांनी घडवावी लागतात, आणि हे काम महिनोन्‌महिने हातांनी होते. दुसरी, परिस्थिती. तांबे घालावे लागते, प्रकाश टाकावा लागतो, आम्ल किंवा अल्कली मापात ओतावी लागते. आम्ल-अल्कलीच्या प्रत्येक फेऱ्यात द्रावणात थोडे क्षार साठत जातात, आणि त्यांचाही विचार कोणीतरी करावाच लागतो.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटली. जुळणी करणारे बंध सैल असावे लागतात. तांबे आणि कडी, ऑक्सिजन आणि नायट्रोजनचा गट, धातू आणि बोंड, ह्यांतला धरबंध सुटतो, पुन्हा बसतो, पुन्हा सुटतो. चुकीची जुळणी झाली तर ती मोडते, आणि बरोबर झालेली अधिक काळ टिकते. असे असंख्य वेळा होऊन शेवटी बरोबर रचना उरते. सगळेच बंध पहिल्यापासून पक्के असते, तर पहिली चूक तेथेच गोठली असती. पक्का बंध घालायचा तो जुळणी बरोबर झाल्यावर: कडी मिटताना, बोंड बसविताना. आधी सैल, मग पक्के, हा क्रम आहे.

येथे स्वतःलाच एक इशारा देणे आम्हांला भाग आहे. आमच्यासारख्याला ह्या रेणूंत संघटना दिसते, रांगेत उभी राहिलेली माणसे दिसतात. पाहणाऱ्याच्या डोळ्याचा तो गुण आहे. रेणूला पोट नाही, मुले नाहीत, मत नाही. तो जुळतो तो ऊर्जेच्या नियमाने. अन्यायाची चीड येऊन नव्हे. माणूस नको असेल तर रांगेतून बाहेर पडू शकतो, आणि त्याला बाहेर पडता आले पाहिजे. तेव्हा रसायनशास्त्रातून समाजाचे नियम काढू नयेत. एवढेच शिकावे की, आपोआप झाले असे जेथे दिसते तेथे आधी कोणी काय केले ते विचारावे.

ही विचारपूस आम्ही निष्कारण करीत नाही. आपल्या गावाने हा शब्द पूर्वी ऐकला आहे. सुधारलेला माग आला तेव्हा सांगण्यात आले, की हा आपोआप थांबतो, आपोआप चालतो, माणसाला फक्त पाहायचे आहे. मग ‘फक्त पाहायचे’ म्हणून एका माणसाकडे दोनाचे चार माग आले, चाराचे आठ. तुटलेला धागा आपोआप सांधला जात नव्हता. तो सांधणारी बोटे तीच होती. पळावे मात्र दुप्पट लागत होते. माग वाईट होता असे आमचे म्हणणे नाही. धोटा हाताने फेकण्याच्या दिवसांत परत जावे, असे आम्हांला मुळीच वाटत नाही. पण ‘आपोआप’ ह्या शब्दाने उरलेले श्रम झाकले गेले, आणि जे झाकले जाते त्याचे मोल ठरत नाही.

मग त्या जॉबरच्या प्रश्नाचे उत्तर काय? खरे उत्तर असे आहे. स्ट्रासबुर्गच्या त्या धाग्याने आज आपला एकही माग बंद पडत नाही. तो केसाच्या जाडीशी झगडतो आहे; लुगडे त्याच्यापासून फार दूर आहे. त्याचा उपयोग झालाच, तर तो आधी कृत्रिम स्नायू, सूक्ष्म विद्युत्‌यंत्रे अशा ठिकाणी होईल, असा तज्ज्ञांचा होरा दिसतो. पण ‘तसं काही नसतं’ हे आमचे उत्तर चूक होते. तसे काही आहे, ते खरे आहे, आणि ते समजून घेण्याजोगे आहे. नवी वस्तू कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिल्यावर तिच्याविषयी वाचायला बसणे, हे आम्ही पूर्वी केले आहे, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. ती प्रयोगशाळेत आहे तोवरच तिची ओळख करून घ्यावी, ह्यासाठी हे व्याख्यान.

वाचन संपल्यावर आम्ही त्या जॉबरला पुन्हा चहाच्या गाडीपाशी गाठले आणि आता सांगितले तेच सारे, दोन पेले हातांत धरून, त्याला सांगितले. कोपराच्या कडीतून हात घालून दाखविले तेव्हा भोवतालची मंडळी जमली आणि हसली. त्याने सारे नीट ऐकून घेतले. मग म्हणाला, ‘‘म्हणजे तिथेही बत्ती लावायला माणूस लागतोच.’’ आम्ही म्हटले, लागतो; आणि तुकडे घडवायलाही लागतो. तो म्हणाला, ‘‘मग भाऊ, त्याचा पगार कोण ठरवतं?’’

हे मात्र आमच्या वाचनात कुठे आले नव्हते. त्याचे उत्तर शोधायला आपण सर्वांनी बसले पाहिजे, असे त्याला सांगितले; तेच आपणांसही सांगतो.